तंत्रज्ञान-अब्जाधीश देशाचा प्रमुख झाला तर? आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

दादा: मंडळी, वरच्या पोलवर केवळ मत टाकून थांबू नका, कारणेही लिहा. तंत्रज्ञान कंपनी उभारून अब्जाधीश झालेला माणूस उद्या एखाद्या देशाचा प्रमुख झाला, तर त्या देशाचा कारभार सुधारेल की बिघडेल? माझे मत ‘सुधारेल’ याला आहे. ज्याने आकाशात गेलेले रॉकेट परत जमिनीवर उतरवून दाखवले, त्याला सरकारी फायली हलवणे जड जाऊ नये, आणि ज्याच्याकडे मुळातच अमाप पैसा आहे त्याला लाच खाण्याचे कारणही उरत नाही.

मोठे काका: रोख इलॉन मस्क यांच्याकडे असेल, तर ते पद त्यांना मिळूच शकत नाही. त्यांचा जन्म दक्षिण आफ्रिकेतला आणि अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्ष हा जन्मापासूनच त्या देशाचा नागरिक असावा लागतो. मात्र त्यांच्या हाती सरकार दिले तर काय होईल याची चुणूक 2025 च्या पूर्वार्धात दिसली, कारण तेव्हा ट्रम्प सरकारच्या खर्चकपात विभागाची सूत्रे त्यांच्याकडे होती. खर्चातून आधी दोन लाख कोटी डॉलर वाचवण्याची भाषा होती, मग ती एक लाख कोटींवर आली, आणि मे महिन्याच्या अखेरीस ते बाहेर पडले तेव्हा त्यांच्या विभागाचा स्वतःचाच दावा मूळ आकड्याच्या एक दशांशाहून कमी होता. त्या दाव्यातल्याही अनेक नोंदी वृत्तपत्रांनी तपासून चुकीच्या ठरवल्या.

वहिनी: काका, आम्ही सॉफ्टवेअरमधली माणसे ही पद्धत रोज पाहतो. एखादा भाग काढून टाकायचा आणि काही बंद पडलेच, तर तो परत जोडायचा. 2022 मध्ये ट्विटर विकत घेतल्यावर निम्म्याच्या आसपास कर्मचारी काढले आणि त्यातल्या काहींना लगेच परत बोलावले, तेही असेच. सरकारात हाच प्रयोग झाला तेव्हा इबोला प्रतिबंधाचा निधी चुकून रद्द झाल्याचे मस्क यांनी स्वतः मंत्रिमंडळाच्या बैठकीत सांगितले, आणि अण्वस्त्रांची जबाबदारी सांभाळणाऱ्या यंत्रणेतील काढलेल्या लोकांना पुन्हा कामावर घ्यावे लागले. परत जोडेपर्यंतच्या काळात जे घडते ते सरकारच्या बाबतीत पुसता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

दादा: हे सगळे दुसऱ्याच्या सरकारात पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाचे उदाहरण झाले. लोकांनी निवडून दिलेला, पूर्ण अधिकार असलेला असा कोणी असता, तर चित्र वेगळे दिसले असते.

मामा: निवडून येणे हीच तर पहिली पायरी आहे. संगणक सेवांच्या व्यवसायात अब्जाधीश झालेले रॉस पेरो 1992 मध्ये अमेरिकेत अपक्ष उभे राहिले, त्यांना जवळजवळ 19 टक्के मते पडली, पण राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळातील एकही मत मिळाले नाही.

आत्या: दादा, तुला कल्पना करण्याची गरजच नाही, कारण थायलंडने हा प्रयोग करून पाहिला आहे. थाक्सिन शिनावात्रा हे मूळचे पोलीस अधिकारी. सरकारी कार्यालयांना संगणक भाड्याने देत त्यांनी सुरुवात केली आणि पुढे मोबाइल व उपग्रह यांच्या सरकारी परवान्यांवर ते अब्जाधीश झाले. 2001 मध्ये ते पंतप्रधान झाले. देश कंपनीसारखा चालवू, असे ते उघडपणे म्हणत, आणि प्रांतांच्या राज्यपालांनाही त्यांनी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या भूमिकेत आणले. त्यांची कामगिरी नाकारण्याचे कारण नाही. एका भेटीला 30 बाथ (थायलंडचे चलन) भरून कोणालाही उपचार मिळावेत अशी योजना त्यांनी आणली, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज 2003 मध्ये मुदतीआधी फेडले आणि 2005 मध्ये लोकांनी त्यांना सुमारे तीन चतुर्थांश जागा देऊन परत निवडले.

पण त्याच 2003 मध्ये त्यांनी अमली पदार्थांविरुद्ध मोहीम काढली आणि विक्री विभागाला देतात तशी प्रांतांना उद्दिष्टे ठरवून दिली. पहिल्या तीन महिन्यांत अडीच हजारांच्या आसपास माणसे मारली गेली, आणि नंतरच्या चौकशीत त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचा अमली पदार्थांशी संबंध आढळला नाही. आकडा गाठणाऱ्याला शाबासकी आणि न गाठणाऱ्याची बदली, ही रीत कंपनीत फार तर खोटी विक्री दाखवायला लावते. माझे आयुष्य लेखापरीक्षणात गेले असल्यामुळे असेल, पण मला त्यांच्या संपत्तीपेक्षा या सवयीची भीती अधिक वाटते.

मोठे काका: ताई, लेबनॉनचे नजीब मिकातीही याच पंक्तीतले. ते दूरसंचार व्यवसायातले अब्जाधीश आणि तीनदा पंतप्रधान. परंतु तिथे सत्ता पंथांमध्ये वाटलेली, त्यामुळे चलन मातीमोल झाले आणि 2022 पासून दोन वर्षांहून अधिक काळ राष्ट्राध्यक्षपद रिकामे राहिले, तरी त्यांना फारसे काही करता आले नाही. म्हणजे एकाच्या हाती अधिकार फार होता आणि दुसऱ्याच्या हाती पुरेसा नव्हता.

वहिनी: लाचेचा मुद्दा मात्र राहिलाच. श्रीमंत माणूस खाणार नाही, हे यांचे आवडते मत मी लग्नापासून ऐकते आहे.

आत्या: अगं, त्याला लाच घ्यावीच लागत नाही. जानेवारी 2006 मध्ये थाक्सिन कुटुंबाने आपल्या समूहातील हिस्सा सिंगापूरच्या सरकारी गुंतवणूक कंपनीला सुमारे 7,300 कोटी बाथना विकला. त्याच्या जेमतेम काही दिवस आधी दूरसंचार कंपन्यांतील परकीय मालकीची मर्यादा 25 वरून 49 टक्के करणारा कायदा लागू झाला होता, आणि विक्रीच्या नफ्यावर कुटुंबाला कर भरावा लागला नाही. लोक रस्त्यावर उतरले आणि सप्टेंबरमध्ये लष्कराने सत्ता बळकावली, जो माझ्या मते त्याहून वाईट उपाय होता.

दादा: ठीक आहे, मी माझी कल्पना सुधारतो. पद स्वीकारण्यापूर्वी त्याने सर्व समभाग विकून टाकले पाहिजेत, अशी अट घालू.

आत्या: अट घाल, पण खरेदी करणाऱ्यांची यादीही तपास. थाक्सिन यांचे समभाग घरकाम करणाऱ्या बाईंच्या आणि वाहनचालकाच्या नावावर आढळले होते. त्यावरून झालेला खटला 2001 मध्ये घटनात्मक न्यायालयात गेला आणि आठ विरुद्ध सात अशा मतांनी ते सुटले.

वहिनी: मग पोलमध्ये ‘आधी वाहनचालकाची मालमत्ता जाहीर करावी’ असा तिसरा पर्याय वाढवा. माझे मत त्याला.

मामा: माझेही.