नुसत्या दरावर शहर निवडू नका
अमेरिकेत नोकरीसाठी बेकारीचा दर सर्वात कमी तेच शहर गाठावं, असा सल्ला दिला जातो. इतकं सरळ नाही ते. आयोवा राज्यातलं एम्स घ्या. दर कायम तळाला, पण गाव चालतं विद्यापीठावर. चिप डिझाइनवाल्याने तिथे जाऊन करायचं काय? त्याला चिप कंपन्यांचं सॅन होजेच बरं, दर जास्त दिसला तरी. कॅलिफोर्नियातल्या एल सेंट्रोची तर तऱ्हाच वेगळी: हिवाळ्यात लेट्यूसच्या तोडणीची धांदल, उन्हाळ्यात शेतं ओस, की दर २० टक्क्यांच्या आसपास! म्हणून जुलैची तुलना मागच्या जुलैशीच करा. आणि काम शोधणंच सोडलेला माणूस बेकारांत धरत नाहीत, त्यामुळे कमी दर फसवाही असू शकतो. एच-१बीवर (परदेशी कुशल कामगारांच्या अमेरिकन व्हिसावर) असाल तर नोकरी गेल्यावर हातात जेमतेम ६० दिवस. त्यात गावात आपल्या कामाच्या कंपन्या किती, हेच आधी बघावं लागतं.