धावायला शंभरावर पुरुष येतात, तपासणीच्या टेबलाशी एकही थांबत नाही. काय करावं?

धावपटू, फोंडा

नमस्कार. आम्ही सहा-सात जण तीन वर्षं नोव्हेंबरात पुरुषांच्या आरोग्यासाठी पाच किलोमीटरची धाव ठेवतो. फर्मागुडीला गोपाळ गणपतीकडून निघायचं, वळून परत तिथेच. नोंदणी दोनशे रुपये. खर्च जाऊन उरेल ते बांबोळीला उपचारासाठी जाणाऱ्यांच्या गाडीभाड्याला. गेल्या वर्षी ११२ जण आले.

ही कल्पना मूव्हेंबर या मोहिमेवरून घेतली. २००३ साली मेलबर्नमध्ये तीस जणांनी मिशा वाढवल्या, पुढे त्यातूनच प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) आणि वृषणाचा कॅन्सर, पुरुषांच्या आत्महत्या यांवर मोठं काम उभं राहिलं. मिशी दिसली की विषय निघतो. आपल्याकडे मिशीबद्दल कोण विचारणार? म्हणून धाव.

माझे बाबा रात्री चार-चारदा उठायचे. मागच्या दाराची कडी अगदी हळू सरकवायचे, आम्हाला जाग येऊ नये म्हणून. मला ती ऐकू यायची. आईने विचारलं तर म्हणायचे, ‘वय झालं गो.’ कंबर धरली तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. तोवर प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला होता.

गेल्या वर्षी धाव संपते तिथेच डॉक्टर बसवले होते. लोक पातळभाजी-पाव घेऊन टेबलाला वळसा घालून गेले. एका गृहस्थांनी माहितीपत्रक उचललं, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, तर ते पालथं ठेवून निघून गेले. यंदा तिथेच रक्त घेऊन सगळ्यांची पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी, करावी म्हणतो. बरोबर होईल का?

निवृत्त लॅबवाली, म्हापसा

भाऊ, धावून आलेल्याची पीएसए करू नका. जोराचा व्यायाम, त्यातही सायकल, आणि वीर्यस्खलन यांनी आकडा वर जाऊ शकतो. म्हणून आधीचे दोन दिवस दोन्ही टाळायला सांगतात. लघवीत संसर्ग असला तरी वाढतो. उगाच वाढलेला आकडा हातात पडला की घरचे सगळेच हादरतात, हे मी लॅबच्या खिडकीत बसून पुष्कळ पाहिलं आहे. शिवाय ही चाचणी सरसकट करायची नसते, डॉक्टरांशी बोलून ठरवायची. साधारण पन्नाशीला हा विषय काढतात, वडिलांना किंवा भावाला झाला असेल तर पंचेचाळिशीलाच.

आणखी एक. रात्री उठावं लागणं हे बहुतेकदा प्रोस्टेट नुसतीच वाढल्यामुळे असतं. कॅन्सर सुरुवातीला बहुधा काहीच दाखवत नाही. त्या कडीच्या आवाजावरून आपण ओळखायला हवं होतं, असं मनाला लावून घेतलं असेल तर ते काढून टाका.

तुमचं वय काय? तुमची झाली आहे का?

पेडणेकर २९

टेबल नको, टी-शर्टच्या पिशवीत चिठ्ठी घाला. घरी गेल्यावर माणूस एकटा वाचेल. मला सव्विसाव्या वर्षी आंघोळ करताना वृषणात गाठ लागली होती, वाटाण्याएवढी, कडक. दुखत नव्हती म्हणून तीन महिने गप्प राहिलो. हा कॅन्सर तरुणांनाच जास्त होतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ऑपरेशन झालं, आज मी धावतो. चिठ्ठीत एवढंच लिहा: गरम पाण्याने आंघोळ झाली की बोटांनी चाचपून बघा, आधी नसलेलं काही लागलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आणि छातीवरच्या नंबराच्या मागे टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ छापा. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत.

साखळीची वहिनी

बायकांनाही धावायला बोलवा. ती चिठ्ठी पिशवीतून काढून आरशाला कोण लावणार?

धावपटू, फोंडा

ताई, वय ४७. झालेली नाही. तीन वर्षं लोकांना सांगत फिरतो आहे आणि माझीच झालेली नाही. तुमचं कडीबद्दलचं वाक्य आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, पुन्हा वाच.

रक्त घेण्याचा बेत रद्द. चिठ्ठी नक्की. पेडणेकर, ती तुम्हीच लिहून द्याल का? वहिनी, यंदा बायकांचीही नोंदणी घेतो. धाकट्या भावाला फोन केला, तोही ४५ चा. गुरुवारी दोघं डॉक्टरांकडे जातोय. तिथेच रक्त द्यायचं ठरलं तर म्हणून मंगळवार-बुधवारची धाव बंद.