मदत हवी आहे: नॅसवरचे फोरके व्हिडिओ टीव्हीवर अडकतात

घरगुती समारंभांचं कॅमेऱ्यावर केलेलं फोरके चित्रीकरण नॅसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजवर) ठेवलंय. फॉरमॅट एच.२६४, बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) १०० एमबीपीएसच्या आसपास. नॅसवर जेलीफिन (व्हिडिओ टीव्हीकडे पाठवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) आहे, टीव्ही अँड्रॉइडवाला. व्हिडिओ सुरू होतो, थोडा वेळ छान चालतो आणि मग गोल चक्र फिरत बसतं. फुल एचडी फाइल्सना काहीच त्रास नाही.

टीव्हीची तीच केबल काढून लॅपटॉपला लावली, तर तीच फाइल सुरळीत चालते. म्हणजे नॅस, राउटर, केबल ठीक. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर डायरेक्ट प्लेच दिसतं, म्हणजे फाइल न बदलता जशीच्या तशी जाते, सबटायटल्स नाहीत. पेनड्राइव्हवरून टीव्ही हीच फाइल न अडखळता दाखवतो, त्यामुळे डीकोडिंगचाही प्रश्न नसावा. माझा संशय टीव्हीच्या लॅन पोर्टवर आहे. तो १०० एमबीपीएसचाच आहे, प्रत्यक्षात ९४-९५ च्या वर जात नाही. ५ गिगाहर्ट्झ वायफायवरही पाहिलं, पण मध्ये भिंती असल्याने वेग सारखा खालीवर होतो.

ट्रान्सकोडिंग (चालवता चालवता व्हिडिओ कमी बिटरेटमध्ये बदलणं) नॅसच्या प्रोसेसरला झेपत नाही. फाइल्स लहान करायच्या नाहीत, मूळ दर्जा तसाच हवा, त्यासाठीच तर एवढा खटाटोप. राउटर हलवता येणार नाही.

टीव्हीला यूएसबी २.० पोर्ट आहे. त्यात गिगाबिट लॅन अडॅप्टर लावला, तर २००-३०० एमबीपीएस मिळाले तरी भागेल. असं कोणी केलंय का? टीव्ही अडॅप्टर ओळखेल की नाही, हे घेण्याआधी कसं तपासायचं, आणि कोणत्या चिपसेटचा घ्यावा? की सरळ गिगाबिट पोर्टवाला वेगळा बॉक्सच लावू?