दुष्काळ, अवर्षण की शुष्कीकरण? हजारो वर्षांच्या कोरडेपणाला काय म्हणावं

प्रश्न : सेलू (परभणी)

शाळेच्या व्हरांड्यात आपल्या भागाच्या प्राचीन इतिहासाचा फलक लावायचा आहे. सातवी-आठवीची मुलं वाचतील. त्यात मी लिहिलं, ‘सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला.’ भूगोलाचे सर म्हणतात, दुष्काळ चुकीचा, ‘शुष्कीकरण झाले’ असं लिहा. तो शब्द मुलांच्या तोंडी बसेल असं मला वाटत नाही. ‘अवर्षण’ चालेल का? तिन्हींत फरक काय?

उत्तर : अंबाजोगाई

ताई, सरांची हरकत रास्त आहे. पण त्यांनी सुचवलेला शब्द फलकावर मीही लिहिणार नाही.

दुष्काळ म्हणजे वाईट काळ, सुकाळाच्या उलट. त्या शब्दात पाऊस कुठेच नाही. सप्टेंबरात शेतात पाणी साचून सोयाबीन कुजलं की आपण ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ म्हणतो आणि ते कुणाला खटकत नाही. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल जुनी माणसं सांगतात की खायला दाणा नव्हता, पण विहिरीला पाणी होतं. २०१६ ला उलटं झालं. दुकानात धान्य होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. दोन्ही दुष्काळच, कारण हा शब्द माणसांच्या हालाचा आहे. तो पडतो, हटतो, त्याला साल असतं.

अवर्षण म्हणजे पाऊस न होणं. राज्यावर येणाऱ्या सहा ईती, म्हणजे संकटं, जुन्या ग्रंथांत सांगितल्या आहेत, त्यांतली अनावृष्टी ती हीच. एका हंगामाला किंवा लागोपाठच्या दोन-तीन वर्षांना हा शब्द शोभतो. ‘सातशे वर्षं अवर्षण’ म्हटलं तर सातशे वर्षं थेंब पडला नाही असा अर्थ होईल, आणि तसं झालं असतं तर इथे गवतसुद्धा उरलं नसतं.

तुम्हाला सांगायचंय ते निराळं आहे, मुलूख शतकानुशतकं हळूहळू कोरडा होत जाणं. सर त्यालाच शुष्कीकरण म्हणतात. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात आजच्यापेक्षा जास्त ऊन मिळायचं, कारण पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ यायची ती नेमकी त्या दिवसांत. जमीन जास्त तापायची, समुद्रावरचे वारे जोरानं आत यायचे, मोसमी पाऊस दांडगा व्हायचा. पुढे पृथ्वीच्या आसाची दिशा हळूहळू फिरत गेली, उन्हाळ्यातलं ऊन घटत गेलं आणि पावसाचा जोरही. या उतारावर मध्येच काही शतकं फार कोरडी गेली. ४,२०० वर्षांपूर्वीचा तो टप्पा जगात बऱ्याच ठिकाणी दिसतो. मेघालयातल्या मावम्लूह गुहेतल्या चुन्याच्या स्तंभात तो स्पष्ट सापडला, म्हणून २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांनी तेव्हापासूनच्या कालखंडाला ‘मेघालयन’ नाव दिलं.

मुलांना मात्र लोणार सांगा. जिल्हा बुलढाणा असला तरी जिंतूर-मंठ्याकडच्या लोकांना ते घरचंच आहे. त्या सरोवरातून पाणी बाहेर जायला वाट नाही. पाऊस आणि झऱ्यांचं पाणी आत येतं आणि जातं ते वाफ होऊनच. पाऊस घटला की पाणी आटून घट्ट खारं होतं आणि तळच्या गाळात गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक धरतात. भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी तळाचा गाळ उभा कापून काढला, तेव्हा हे स्फटिक ठरावीक थरांतच निघाले. त्यावरून दोन लांब कोरडे काळ ठरले. एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. पहिलाच घ्या, सातशे वर्षं म्हणजे पंचवीस-तीस पिढ्या. इतक्या पिढ्यांवर ‘पडला’ हे क्रियापद कसं लावायचं? म्हणून म्हणतो, इथे नाम शोधू नका, क्रियापद शोधा. ‘पाऊस कमी होत गेला’, ‘मुलूख कोरडा होत गेला’. शुष्कीकरणात जे आहे ते सगळं यात येतं, आणि मूल ते वाचून घरी सांगू शकतं.

‘वाळवंटीकरण’ही कुणी सुचवेल. आपल्याकडे तो बिलकुल नको. मराठवाडा वाळवंट नव्हता आणि नाही.

उत्तर : औसा (लातूर)

शेतकऱ्याच्या बाजूनं थोडं सांगतो. अवर्षण आम्ही फक्त पेपरात वाचतो. बोलताना पावसानं ओढ दिली म्हणतो, म्हणजे यायचा तेव्हा आला नाही. खंड पडला म्हणजे येऊन मध्येच थांबला. उघडीप मात्र हवीशी असते, कोळपायला आणि फवारायला. आठ दिवसांची उघडीप वीस दिवसांवर गेली की तिलाच खंड म्हणतात.

पाण्याचंही तसंच. ‘पाण्याची उपलब्धता’ असं कुणी विचारत नाही, ‘पाणी कुठवर पुरतं?’ असं विचारतात. आधी ओढ्याची धार तुटते, मग डोह आटतात, मग वाळूत झिरा खोदून वाटीवाटीनं पाणी भरावं लागतं, शेवटी विहीर तळ गाठते. फलकावर हा क्रम आला तर मुलांना लगेच कळेल, त्यांनी तो पाहिलेला आहे.

आमचा खडक काळा पाषाण. त्याच्या अंगात पाणी मुरत नाही, ते राहतं वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. साठा उथळ, दरसाल भरायचा आणि दरसाल संपायचा. पाऊस थोडा जरी घटला तरी आमची विहीर आधी बोलते. चार हजार वर्षांपूर्वीही खडक हाच होता.

उत्तर : जालना

अंबाजोगाईच्या सरांशी सहमत, फक्त एक सावधगिरी. ‘मुलूख कोरडा होत गेला आणि गावं ओस पडली’ असं एका दमात लिहू नका. प्रवरेकाठचं दायमाबाद इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास ओस पडलं. घोड नदीवरच्या इनामगावला मात्र त्यानंतरही दोन-तीनशे वर्षं वस्ती होती, पण चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या आणि शेतीपेक्षा गुरांवर आणि शिकारीवर भर आला. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी याचं कारण बिघडत गेलेल्या हवामानात शोधलं. त्याच इनामगावात त्याआधी लोकांनी बांध घालून पुराचं पाणी चरातून वळवलं होतं. म्हणजे ही माणसं हात बांधून बसलेली नव्हती. हा भाग फलकावर जरूर घ्या. नाहीतर मुलं वाचतील की दुष्काळ आपल्या पाचवीलाच पुजलेला, आणि ते खरं नाही. लोणारच्या गाळात दुसरा कोरडा काळ सुरू होतो जवळपास तेव्हाच पैठण आणि तेर भरभराटीला होते. तेरचं जुनं नाव तगर परदेशी व्यापाऱ्यांना माहीत होतं.

आणखी एक पुरावा गोदावरीचा. तिच्या मुखापुढे समुद्रतळाचा गाळ काढून त्यात पानांवरच्या मेणाचे अंश तपासले गेले. झाडं आणि रखरखीत रानातलं गवत यांच्या मेणात फरक असतो. सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून कोरड्या रानाच्या खुणा वाढत जातात आणि सुमारे १,७०० वर्षांपूर्वी त्या आणखी ठळक होतात. गोदावरीच्या खोऱ्यात आपलं परभणी, नांदेड, बीड सगळं आलं. आपल्याच रानाची पानं तिथवर पोचलेली आहेत, हे मला तर लोणारपेक्षाही मोठं वाटतं.

प्रश्नकर्ती : सेलू

सर्वांचे मनापासून आभार. वाक्य असं केलंय, बघा :

‘सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी आपल्या भागात पाऊस कमी झाला. ओढ्यांची धार लवकर तुटू लागली, झरे आटू लागले. लोणारच्या गाळात याची खूण आजही सापडते.’

दुष्काळ हा शब्द खाली बहात्तरच्या चौकटीत ठेवलाय. औशाच्या दादांचा झिराही चित्रासह घेते.

उत्तर : अंबाजोगाई

झकास. दोनच दुरुस्त्या. ‘कमी झाला’ऐवजी ‘कमी होत गेला’ करा, नाहीतर एका वर्षी घटला आणि तिथेच थांबला असं वाटेल. आणि ‘आपल्या भागात’नंतर ‘पुन्हा पुन्हा’ घाला, कारण त्या सातशे वर्षांतही काही सालं चांगल्या पावसाची गेली असणारच.