मदत हवी आहे : टायटॅनियम डायऑक्साइडचा थर काचेवरून सुटतोय

नमस्कार दादा-ताईंनो,
मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात एमएस्सी भौतिकशास्त्र करते. प्रकल्प आहे जांभळाच्या रंगावर चालणारा सोलर सेल. त्यात रंग धरून ठेवणाऱ्या थरासाठी टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण सोल-जेल पद्धतीने (द्रावणापासून जेल करून) बनवले. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याच्या चाचणीत) २५.३ अंशांच्या कोनावर अ‍ॅनाटेजचं, म्हणजे मला हव्या असलेल्या स्फटिकरूपाचं, ठळक शिखर आलं, त्या दिवशी खरंच डोळ्यांत पाणी आलं. पण २७.४ अंशांवर रुटाइलचंही (जास्त तापमानाला बनणाऱ्या दुसऱ्या स्फटिकरूपाचं) बारीक शिखर दिसतंय. भट्टी ४५० अंश सेल्सिअसवर ठेवली होती. आत तापमान जास्त चढलं असेल का?

मोठी अडचण पुढे आहे. पेस्ट चिकटपट्टीच्या चौकटीत काचकांडीने पसरून एफटीओ काचेवर (फ्लोरिनयुक्त टिन ऑक्साइडचा वीजवाहक थर असलेल्या) भाजली, की थराला भेगा पडतात आणि रंगात बुडवल्यावर पापुद्रे निघतात. आयटीओ (इंडियम टिन ऑक्साइडचा थर असलेली) काच मुद्दाम टाळली, कारण तापवल्यावर तिचा रोध वाढतो. पट्टीचा एकच पदर ठेवला, तापमान मिनिटाला २ अंशांनी वाढवलं, तरी तेच. पेस्टमध्ये इथाइल सेल्युलोज (कण बांधून ठेवणारा पदार्थ) वाढवावं, की थर नीट चिकटावा म्हणून काचेवर आधी टायटॅनियम टेट्राक्लोराइडची प्रक्रिया करावी? दुसऱ्याची मला भीती वाटते, हवेत त्याचा आम्लधर्मी धूर होतो.

जो एक सेल टिकला, त्याने ०.४ व्होल्ट दिले, पण प्रवाह मायक्रोअँपिअरमध्येच. इकडे पावसाने चार दिवस ऊन नाही. हॅलोजन दिव्याखाली घेतलेली मोजमापं परीक्षक मानतील का? कोल्हापूरला किंवा धारवाडला सोलर सिम्युलेटरवर (सूर्यप्रकाशासारखा ठरावीक प्रकाश देणाऱ्या यंत्रावर) बाहेरच्या विद्यार्थ्यांना मोजू देतात का, कुणी गेलं असेल तर सांगा. बसने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल.