नानांची सलाइन: सोसायटी ग्रुपवरील चर्चा, जळगाव

वहिनी, ए-३०१ (सकाळी ८:१२)
सर्वांना नमस्कार. समक्ष बोलले की ‘वहिनींना सवयच आहे’ असे ऐकावे लागते, म्हणून ग्रुपवरच लिहिते. नानांना घरी इंजेक्शन द्यायला येणाऱ्या कंपाउंडरने काल संध्याकाळी, अशक्तपणाची म्हणून लावलेली सलाइन चालू असतानाच त्याच नळीतून अँटिबायोटिक सोडले आणि फोन कानाला लावून तो गॅलरीत निघून गेला. मी माईंना भरताची वाटी द्यायला गेले होते. औषध जिथून मिसळत होते तिथून खालची नळी पांढुरकी, पातळ ताकासारखी दिसली. मी नळीचे चाक फिरवून सलाइन बंद केली, तर त्यानेच मला विचारले की तुम्ही डॉक्टर आहात का.

नानांचा मुलगा, ए-३०२ (८:२०)
वहिनी, आपली काळजी समजते. पण घरातला विषय आधी घरात विचारला असता तर बरे झाले असते. पाच दिवस दवाखान्यात काढल्यावर डॉक्टरांनीच उरलेले चार डोस घरी घेण्याची परवानगी दिली आहे. वडिलांची तब्येत आता ठीक आहे.

आप्पा, बी-१०४ (८:२३)
टेस्ट डोस घेतला होता का? एवढेच विचारतो.

ताई, डी-१०२ (८:४१)
मी बत्तीस वर्षे स्टाफ नर्स होते म्हणून लिहिते, कोणाला दोष देण्यासाठी नाही. नानांना पायाच्या सेल्युलायटिससाठी, म्हणजे कातडीच्या जंतुसंसर्गासाठी, सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक चालू आहे, असे माई सांगत होत्या. कृपया त्या सलाइनच्या बाटलीवरचे नाव कोणीतरी वाचून सांगा.

वहिनी, ए-३०१ (८:५५)
माईंकडे जाऊन वाचून आले. ‘कंपाउंड सोडियम लॅक्टेट’ असे लिहिले आहे.

ताई, डी-१०२ (९:०८)
म्हणजे आपण ज्याला आरएल म्हणतो ती रिंगर लॅक्टेट. तिच्यात कॅल्शियम असते. सेफ्ट्रिॲक्सोन आणि कॅल्शियम एकत्र आले की न विरघळणारे कण तयार होतात, आणि वहिनींना दिसलेला पांढुरकेपणा हा तोच साका असण्याची दाट शक्यता आहे. नवजात बाळांमध्ये या मिश्रणाने फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत साका बसून मृत्यू झालेले आहेत. मोठ्या माणसाला आरएल देताच येत नाही असे नाही. परंतु दोन्ही एकाच वेळी एका नळीतून कधीही देऊ नयेत, आणि एकामागून एक द्यायचे असल्यास मधे साध्या (नॉर्मल) सलाइनने नळी धुऊन घ्यावी. वहिनींनी चाक फिरवले ते योग्यच केले. ती नळी आणि बाटली पुन्हा वापरू नका, फेकूही नका, डॉक्टरांना दाखवा.

भाऊ, सी-२०३ (९:११)
वहिनींनी चाक फिरवले हे उत्तम झाले. तसेच एखादे चाक लिफ्टला बसवता आले तर सी विंग आभारी राहील.

सचिव अण्णा (९:१४)
भाऊ, लिफ्टचा विषय मासिक सभेत घेऊ. ज्यांची जनरेटरची वर्गणी बाकी आहे त्यांनी तरी तो काढू नये.

नानांचा मुलगा, ए-३०२ (९:२०)
ताई, आपण सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. परंतु ती सलाइन डॉक्टरांनी लिहिलेली नव्हती. उन्हाने गळल्यासारखे वाटते असे वडील म्हणाले, म्हणून आम्हीच कंपाउंडरला ताकदीची बाटली लावायला सांगितली. मला वाटले, सलाइन म्हणजे सलाइन.

ताई, डी-१०२ (९:३३)
आपल्याकडे हा समज घरोघरी आहे. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर गेला की माणसे स्वतःहून बाटली मागतात. तोंडाने पाणी जात असेल आणि डॉक्टरांनी पाण्याचे बंधन घातले नसेल, तर मीठ-साखरेचे पाणी पुरते. मात्र नानांना मधुमेह आहे, म्हणून तेही विचारूनच द्या. डिस्चार्जच्या कागदावर अँटिबायोटिकबद्दल नेमके काय लिहिले आहे?

नानांचा मुलगा, ए-३०२ (९:३९)
१ ग्रॅम, १०० मिली नॉर्मल सलाइनमध्ये, ३० मिनिटांत, दिवसातून एकदा.

ताई, डी-१०२ (९:५२)
मग तेवढेच आणि तसेच. वेगाचे म्हणाल तर डॉक्टरांनी तसे लिहिले असल्यास हेच औषध २ ते ४ मिनिटांत सावकाश शिरेतही देतात. पण व्हँकोमायसिन हे दुसरे अँटिबायोटिक घाईने सोडले तर अंग लालबुंद होते, खाज सुटते, रक्तदाब उतरतो, म्हणून ते निदान तासभर चालवावे लागते. अमिकासिनसारख्या आणखी एका अँटिबायोटिकने कानात आवाज येऊ लागला किंवा लघवी कमी झाली तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना कळवायचे असते. म्हणून एकाच्या औषधाचा अनुभव दुसऱ्याच्या औषधाला लावता येत नाही. नानांच्या हाताची सुई कधी लावलेली आहे?

नानांचा मुलगा, ए-३०२ (९:५८)
दवाखान्यातलीच आहे, चौथा दिवस. मनगटाजवळ थोडे लाल दिसते आणि शीर दोरीसारखी कडक लागते. कंपाउंडर म्हणाला की शेक द्या, उतरेल.

ताई, डी-१०२ (१०:०१)
शीर सुजली आहे. त्या सुईतून आता एक थेंबही जाऊ देऊ नका. आजच काढून घ्या आणि पुढची दुसऱ्या हाताला लावून घ्या. दर वेळी औषध जोडण्याआधी सुईचे तोंड स्पिरिटच्या बोळ्याने घासून पुसले जाते का आणि देणारा हात धुतो का, एवढे माईंनी पाहिले तरी पुष्कळ.

आप्पा, बी-१०४ (१०:०३)
टेस्ट डोसचे कोणीच बोलत नाही. टेस्ट डोस घेतला होता का?

भाऊ, सी-२०३ (१०:०६)
आप्पा, तुमचा प्रश्न पाण्याच्या टाकीवेळीही हाच होता असे स्मरते. ताई, नानांच्या व्हायल उरल्या तर माझ्या सर्दीला चालतील का?

ताई, डी-१०२ (१०:१५)
चालणार नाहीत. सर्दी बहुधा विषाणूची असते, तिच्यावर अँटिबायोटिक काम करत नाही. शिवाय हे औषध २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या एका यादीत आहे. मेडिकलवाल्याला त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते, ती अशा वाटपासाठी नव्हे. आणि आप्पा, कातडीत टोचलेल्या टेस्ट डोसवर काही उठले नाही म्हणजे पुढे रिॲक्शन येणारच नाही, अशी हमी नसते. त्याहून मोलाचा प्रश्न असा की, पूर्वी कोणत्या औषधाने काही झाले होते का.

वहिनी, ए-३०१ (१०:१८)
आणि वापरलेल्या सुया? परवा कचऱ्याच्या डब्यात सिरिंज सापडली, आमच्या कचरा नेणाऱ्या मावशींचे बोट थोडक्यात वाचले.

नानांचा मुलगा, ए-३०२ (१०:२२)
ती चूक आमची आहे, मावशींची मी माफी मागेन. यापुढे जाड बाटलीत झाकण लावून दवाखान्यात परत देऊ.

नाना, ए-३०२ (१०:४७)
चष्मा सापडायला वेळ लागला, म्हणून उशिरा लिहितो. सर्वांनी माझी एवढी चर्चा केलीच आहे, तर माझेही ऐकावे. धुळ्याला नोकरीत असताना पेनिसिलिनच्या इंजेक्शनने माझा गळा सुजला होता आणि श्वास अडकला होता. गोष्ट पस्तीस वर्षांपूर्वीची. दवाखान्यात मला कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

ताई, डी-१०२ (१०:५०)
नाना, हे अतिशय महत्त्वाचे आहे. आतापर्यंतचे डोस सोसले ही समाधानाची बाब आहे, आणि पेनिसिलिन व सेफ्ट्रिॲक्सोन या दोन औषधांची ॲलर्जी एकत्र येणे फारसे आढळत नाही. तरीही पुढचा डोस घेण्यापूर्वी डॉक्टरांना हे ठाऊक हवे, आणि तो ॲड्रेनॅलिन (तीव्र ॲलर्जीवरचे तातडीचे इंजेक्शन) हाताशी असलेल्या ठिकाणीच घ्यावा. मधल्या काळात अंगावर गांधी, ओठांना सूज किंवा घरघर जाणवली तर फोन न करता थेट दवाखाना गाठा. अँटिबायोटिकनंतर पुढचे काही आठवडे पातळ जुलाब वारंवार होऊ लागले तर तेही अंगावर काढू नका.

नानांचा मुलगा, ए-३०२ (१०:५६)
डॉक्टरांशी बोललो. त्यांनी बाटली आणि नळी घेऊन लगेच बोलावले आहे. सुई तिथेच बदलतील आणि उरलेले डोसही तिथेच देतील. माझी गाडी गॅरेजला आहे, कोणाची मोकळी आहे का?

भाऊ, सी-२०३ (१०:५८)
माझी खालीच उभी आहे. नानांना जिन्याने उतरवायला मी वर येतो.

आप्पा, बी-१०४ (११:००)
मी सकाळपासून हेच विचारत होतो.