प्रसिद्ध घरं फोटोत बघायची की त्यात राहायचं?

माळ्यावरची :
परवा या चर्चेच्या पानावर 'जगातली अफलातून घरं' अशी फोटोंची माळ टाकली गेली आणि खाली लिहिलं होतं, 'घर ही आधी कलाकृती, सोय नंतर.' तेव्हापासून डोकं तडकलंय.

माळेतलं पहिलंच घर पॅरिसजवळ प्वासीला असलेलं व्हिला सावोय, 1931 साली पूर्ण झालेलं. आर्किटेक्ट ल कॉर्ब्यूझिएने आखलेलं सपाट छप्पर गळायला लागलं. घरमालकीण सावोयबाई त्याला पत्रांवर पत्रं लिहीत राहिल्या : हॉलमध्ये पाऊस, आतल्या उतारावर पाऊस, गॅरेजची भिंत ओलीचिंब. 1937 साली त्यांनी स्पष्ट कळवलं की हे घर राहण्यालायक नाही. दुसरं इलिनॉयमधलं फार्न्सवर्थ हाउस, 1951 चं. चारही बाजूंनी काच, उघडणाऱ्या खिडक्या नावापुरत्या, हिवाळ्यात काचांवरून ओघळणारं पाणी. घरमालकीण डॉक्टर ईडिथ फार्न्सवर्थ आणि आर्किटेक्ट मीस फान डेर रोहे यांचं प्रकरण कोर्टात गेलं. शेजारची नदी 1954 मध्ये आत शिरली, 1996 मध्ये पुन्हा. ज्या बाईने त्यात दिवस काढले तिला विचारा की कलाकृती आधी का!

तिरपी खिडकी :
साफ असहमत. तुम्ही तक्रारी तेवढ्या वेचल्यात. फार्न्सवर्थबाईंनी ते घर 1972 पर्यंत विकलं नाही, हे का गाळलं? आणि नेदरलँड्समधल्या उट्रेख्तचं श्रोडर हाउस? 1924 साली घरमालकीण ट्रुस श्रोडर यांनी आर्किटेक्ट रीटफेल्टबरोबर बसून ते आखलं. नवरा गेलेला, पदरात तीन मुलं. वरच्या मजल्यावर सरकत्या भिंती : दिवसा एकच मोठी खोली, रात्री प्रत्येकाला आपापला कोपरा. बांधकामाच्या नियमांत बसेना, म्हणून नकाशात तो मजला चक्क माळा म्हणून दाखवला. त्या 1985 साली वारल्या, तोवर तिथेच राहिल्या. साठ वर्षं कोणी फोटोसाठी राहत नाही.

गिलावा :
मी बांधणाऱ्यांच्या बाजूचा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं फॉलिंगवॉटर हे घर घ्या. धबधब्यावर झेपावणारे ते सज्जे. सळया कमी पडतील असं वाटून कामावरच्या लोकांनी जास्त लोखंड घातलं, तर आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट भडकले. तरीही सज्जे खाली वाकतच गेले आणि 2002 मध्ये आतून पोलादी केबल ताणून ते सावरावे लागले. साइटवरच्या माणसाचं कोणी ऐकत नाही! मला एका आर्किटेक्टने गच्चीचा ढाळ काढून टाकायला लावला होता, रेघ सरळ दिसावी म्हणून. पहिल्याच पावसात तळं झालं आणि शिव्या मी खाल्ल्या. त्यापेक्षा जपानात शिराकावाची गवताची छपरं बघा, साठ अंशांच्या आसपास उतार. बर्फ साचून राहत नाही. तिथे कुठल्या आर्किटेक्टचं नाव नाही.

तिरपी खिडकी :
आणि ती छपरं पुन्हा शाकारायला अख्खं गाव लागतं, हेही सांगा. देखभाल फक्त आधुनिक घरांनाच लागते का?

रेघोट्या :
छपराचं सोडा. या सगळ्या फोटोंत स्वयंपाकघर कुठे असतं? आणि दिसलंच तर उघडं, दिवाणखान्यातच घुसलेलं. आमच्याकडे तसंच आहे. तळणाचा वास पडद्यांना, मिक्सर लावला की बाकीच्यांचं बोलणं बंद, पाहुण्यांसमोर खरकट्या भांड्यांचा ढीग. सलग जागेची ही हौस कोणाची?

माळ्यावरची :
अगदी! त्यापेक्षा 1926 चं फ्रँकफुर्ट किचन बघा, जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमधल्या घरांसाठी आखलेलं छोटं स्वयंपाकघर. आर्किटेक्ट मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्कीने 1.9 बाय 3.4 मीटरमध्ये सगळं बसवलं. डाळ-तांदळासारख्या कोरड्या जिन्नसांना नावं कोरलेले ॲल्युमिनियमचे खण, पिठाला कीड लागू नये म्हणून ओकचे खण. पावलं मोजून केलेली आखणी. अशी दहा हजारांच्या आसपास बसवली गेली.

तिरपी खिडकी :
आणि त्यात एकच बाई मावत होती! मुलं बाहेर, माणसं बाहेर, ती एकटी आत. शिवाय तोवर आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता, असं लिहोट्स्कीबाईंनी स्वतःच नंतर सांगितलंय. माझी आई बंद स्वयंपाकघरात आयुष्यभर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हॉलमधलं हसणं तिला नुसतं ऐकू यायचं. मी भिंत पाडली ती वास-आवाजाचा हिशोब करूनच.

रेघोट्या :
तुमच्या आईबद्दल वाईट वाटतं, पण म्हणून माझ्या पडद्यांचा वास जात नाही. दार हवं तेव्हा लावता आलं पाहिजे, एवढंच मागतेय.

गिलावा :
मग सरकती भिंत लावा, श्रोडरबाईंसारखी. पण खालचा रूळ दर आठवड्याला पुसावा लागेल, नाहीतर महिन्याभरात अडकते.

माळ्यावरची :
श्रोडर हाउसचं मानते, नाइलाजाने. पण तिथे राहणारी बाई आखणीला बसली होती, म्हणून ते जमलं. सावोयबाईंना पत्रं लिहावी लागली. फोटोंखाली आर्किटेक्टचं नाव येतं, घरात राहणाऱ्याचं का येत नाही?

तिरपी खिडकी :
हा मुद्दा आधीच मांडला असता तर मी भांडलेच नसते. पण 'कलाकृती' म्हटलं की तुम्ही चिडता, ते पटत नाही. जपानात ओसाकाला आर्किटेक्ट आंदोने 1976 साली बांधलेल्या अझुमा हाउसमध्ये मधला चौक उघडा आहे. पावसात झोपायच्या खोलीतून संडासला जायचं तर छत्री लागते. तरी ते कुटुंब तिथेच राहिलं. त्यांना ते हवं होतं.

रेघोट्या :
छत्री घेऊन संडासला? त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं काय, ते सांगा आधी. आणि गिलावा, तो रूळ वरून टांगता येतो का?